कडूबाईंना नदी बघायची होती

मी एसटीत कंडक्टर आहे, नगर आगारात. नऊ वर्षांच्या नोकरीत जिल्ह्यातला एकही रस्ता सोडला नाही, पण खाली उतरून निवांत बघितलं असं एकही गाव नाही. स्टँडवर चहा, कंट्रोलरची सही, की परत गाडीत. २०२० च्या मार्चमध्ये गाड्या थांबल्या आणि मी नागापूरच्या दोन खोल्यांत अडकले. माझा नवरा अंगद एमआयडीसीत लेथवर काम करतो. त्याचं वर्कशॉप मे महिन्यात सुरू झालं. मग दिवसभर घरात मी आणि सासूबाई.

सासूबाई म्हणजे कडूबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणते. माहेर-सासर दोन्ही पाथर्डीकडचं. वय बासष्ट. चौदा हंगाम ऊस तोडल्यामुळं उजव्या हाताची बोटं पुरती उघडत नाहीत. बोलायच्या कमीच. लॉकडाऊनमध्ये दारात बसून रिकामा रस्ता बघत राहायच्या.

जूनमध्ये एक दिवस मीच म्हणाले, "आत्याबाई, चला, कुठंतरी फिरून येऊ."

"कुठं?"

"डोंगरगणला. धबधबा आहे. इथून अर्धा तास."

"तू पायलाय का?"

"फाटा पाहिलाय."

त्या हसल्या. मी त्यांना हसताना फार वेळा बघितलं नव्हतं. पाच मिनिटांत लुगडं बदलून, शेंगा पिशवीत टाकून त्या स्कुटीवर बसल्या.

वाटेतल्या एका गावाच्या वेशीवर रस्त्यात बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या होत्या. तोंडाला रुमाल बांधलेली पाच-सहा पोरं काठ्या घेऊन उभी होती.

"कुठून आलात?"

"नगरहून."

"नगरात रोग हाय. मागं फिरा."

"फिरते की," मी म्हणाले आणि स्कुटी वळवायला लागले. फांद्यांमुळं जागा नव्हती, वेळ लागत होता. एकाला तेवढाही धीर निघाला नाही. त्यानं काठी घालून आरसा फोडला. दुसऱ्यानं मागं बसलेल्या आत्याबाईंच्या खांद्यावर एक मारली. कपडे धोपटल्यासारखा आवाज झाला.

आत्याबाई खाली उतरल्या. पोरानं दुसऱ्यांदा काठी उगारली, ती त्यांनी वरच्या वर धरली, पिळून काढून घेतली आणि त्याच्या तोंडावर हाणली. एकदाच. रुमाल लाल झाला. पोरगं नाक धरून खाली बसलं. बाकीचे इतके चक्रावले की कुणी पुढं आलंच नाही. आम्ही निघाल्यावर मात्र दगड आले. एक माझ्या हेल्मेटवर बसला आणि कान बधिर झाला.

दोन किलोमीटरवर मी गाडी थांबवली. आत्याबाईंच्या खांद्यावर काळानिळा वळ उठला होता. मी म्हणाले, "घरी जाऊ."

"आन् धबधबा?" त्या म्हणाल्या. "मार खाल्लाय तर बघून तरी जाऊ."

दुसऱ्या वाटेनं गेलो. कड्यावरून पाण्याची एक बारीक धार पडत होती, तेवढीच. आत्याबाई तिच्याखाली हात धरून बराच वेळ उभ्या राहिल्या. खांदा ओला करून घेतला. येताना मला म्हणाल्या, "अंगदला सांगू नको. त्यो जाऊ द्यायचा न्हाई."

त्यानंतर आम्हाला नादच लागला. जिल्ह्याबाहेर जायला पास लागायचा, जिल्ह्यात तो कुणी विचारत नव्हतं, आणि आमचा जिल्हा काय लहान आहे? चांदबीबीच्या महालावर गेलो. मांजरसुंब्याचा गड चढलो. निघोजला नदीतले रांजणखळगे बघितले. ज्या नावांची मी आयुष्यभर तिकिटं फाडली, त्या नावांना आता झाडं होती, पायऱ्या होत्या, वास होता. प्रत्येक वेळी आत्याबाईंच्या पिशवीत भाकरी, ठेचा आणि टॉवेलात गुंडाळलेला कोयता असायचा. ऊसतोडीतला जुना कोयता, घासून घासून पातळ झालेला. मला वाटायचं, त्या पोरांमुळं घेतात. रस्ते सुनसान, कुत्री मोकाट. बरंच आहे, असं मी म्हणायचे.

सप्टेंबरमध्ये त्या म्हणाल्या, "राजी, मला नदी बघायचीय."

"नेवाशाला जाऊ. प्रवरा भरलीय."

"ती न्हाई. गोदावरी. कोपरगावची."

"लांब आहे. जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर. स्कुटीवर कंबर मोडेल."

"चौदा हंगाम गेले मी तिथं बैलगाडीतनं. नदी कदी बघायला न्हाई मिळाली. अंधारात फडात जायचं, अंधारात पाचटाच्या कोपीवर यायचं. पल्याड नदी हाय म्हनायची लोकं."

लॉकडाऊनच्या आधी मी आठवड्यातून तीनदा कोपरगावला जात होते आणि मीही नदी पुलावरून खिडकीतनंच बघितली होती. अंगदची पहिली पाळी होती. तो गेल्यावर सकाळी सहालाच आम्ही निघालो.

राहुरी मागं पडलं. शिर्डीचा रस्ता इतका मोकळा मी कधी बघितला नव्हता, हॉटेलांच्या दारांना कुलपं आणि दुभाजकावर शेळ्या. कोपरगावात शिरल्यावर मी पुलाकडं वळणार, तोच आत्याबाईंनी माझ्या पाठीला हात लावला.

"हिंगणवाडीला घे."

"तिथं काय आहे?"

"आमी तिथंच असायचो. तिथनं बघू नदी."

हिंगणवाडी मला माहीत नव्हती. त्यांना मात्र सगळं ठाऊक होतं. पाटाची चारी, तिच्या कडेनं कच्चा रस्ता, दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला ऊस. एका बांधावर माणूस दिसला, त्याला त्यांनी विचारलं, "काकासाहेबांची वस्ती हीच का?"

"हीच. सरळ जा."

"कोण काकासाहेब?" मी विचारलं.

"मालक हुते," त्या म्हणाल्या.

वस्तीवर सिमेंटचं नवं घर, पुढं मोठं अंगण, गोठ्यात सहा-सात गाई. पायरीवर एक उंच, रुंद खांद्यांचा म्हातारा बसला होता. पासष्टीचा असेल, पण तब्येत तिशीतल्यासारखी. हेच काकासाहेब. आत्याबाईंनी सांगितलं, "तुमच्याकडं तोडायला हुतो आमी. पाथर्डीची टोळी. सुनंला घेऊन नदी बघायला आले."

तो मोकळेपणानं हसला. "या, या. एवढ्या लांबून? अहो पुष्पावती, चहा टाका." मग आमच्या बसण्यासाठी दोन खुर्च्या लांब ठेवल्या. "राग मानू नका, रोगाचे दिवस आहेत."

पुष्पावती म्हणजे त्याची बायको. बारीक, पाठीत वाकलेली. तिनं स्टीलच्या पेल्यांत चहा आणून दिला आणि उंबऱ्यावर जाऊन बसली. काकासाहेब बोलका होता. दुधाचा भाव पडला, मुलगा पुण्यात अडकलाय, सगळं सांगितलं. मग आम्हाला घरामागं घेऊन गेला. ऊस संपला आणि खाली नदी दिसली. पूर होता. पाणी तांबडं, रुंद, मधोमध एक अख्खं झाड वाहत चाललं होतं.

आत्याबाई बघत राहिल्या. मी म्हणाले, "बघितली ना शेवटी?" त्यांनी मान हलवली.

काकासाहेब म्हणाला, "तुमच्या वेळच्या टोळ्या चांगल्या होत्या. आता पोरं ऐकत नाहीत. तेव्हा एक हाक दिली की काम व्हायचं. धाकात ठेवावं लागायचं, पण कामाची माणसं होती."

आत्याबाईंनी नदीवरून नजर काढली. "वैजनाथ आठवतो का तुमाला?"

वैजनाथ म्हणजे माझे सासरे. मी त्यांना बघितलेलं नाही. अंगद सहा वर्षांचा असताना ते बैलगाडीवरून पडून वारले, एवढंच मला माहीत होतं.

"कोण वैजनाथ?"

"माझा मालक. तुमच्या घासाच्या वावरात त्याचे बैल घुसले हुते. तुमी त्याला जुवाची लाकडी शिवळ काढून हानली. पोटात, कमरंत, पाठीत. त्यो पडल्यावर बी हानली."

काकासाहेब कपाळाला आठ्या घालून आठवायला लागला. खरंच आठवत होता. मग त्यानं विचारलं, "कुठल्या साली?"

आत्याबाईंचा हात पिशवीत गेला. टॉवेल खाली पडलेला मी बघितला, कोयता बघितला नाही, इतक्या लवकर तो वर गेला. काकासाहेबानं डावा हात आडवा धरला. कोयता बोटांवर बसला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तुटून ढेकळांत पडलं. ऊस तोडताना येतो तसलाच आवाज आला, त्याच्याहून मोठा नाही.

तो ओरडला नाही. हाताकडं बघितलं आणि मग आत्याबाईंच्या पोटात लाथ घातली. त्या उताण्या पडल्या. कोयता उसात उडाला. तो त्यांच्या छातीवर बसला आणि धड हातानं त्यांचा गळा धरला, तुटक्या हातानं तोंडावर मारायला लागला. प्रत्येक फटक्यासरशी त्याचंच रक्त त्यांच्या तोंडावर उडत होतं. "माझ्या वस्तीवर येऊन? माझ्या वस्तीवर?" एवढंच तो म्हणत होता. आत्याबाईंचे पाय माती उकरत होते. मग ते हळू झाले.

मी त्याच्या शर्टाला धरून ओढलं. त्यानं कोपर मारला, माझा ओठ फाटला, एक दात हलला. हेल्मेट माझ्या मनगटात अडकवलेलं होतं. मी ते दोन्ही हातांनी धरलं आणि त्याच्या डोक्याच्या मागं घातलं. तो एका अंगावर कलंडला. आत्याबाईंच्या गळ्यातून हवा आत गेल्याचा आवाज आला. तिथं मी थांबायला हवं होतं. त्यांचा गळा सुटला होता. तरी मी आणखी एकदा मारलं, अधिक जोरात, आणि तो तोंडावर पडला. त्या दुसऱ्या फटक्याचं कारण मला पोलिसांनी विचारलं, वकिलानं विचारलं. मला आजही सांगता येत नाही.

मान वर केली तर पुष्पावती उसाच्या कडेला उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. तिनं आरडाओरडा केला नव्हता, कुणाला बोलावलं नव्हतं. नवरा कण्हत होता, त्याच्याकडं न बघता ती आत्याबाईंजवळ आली आणि खाली बसली.

"तू वैजनाथची का?"

आत्याबाईंना बोलता येत नव्हतं. त्यांनी डोळे मिटून उघडले.

"मी पाणी घेऊन निघाले होते त्या दिवशी," पुष्पावती म्हणाली. "ह्यांनी येऊ दिलं नाही. कळशी लाथेनं उडवली. दोन रात्री तुमच्या कोपीतून कण्हणं ऐकू यायचं. चौऱ्याण्णव साल होतं." मग तिनं नवऱ्याकडं बघितलं आणि मोठ्यानं म्हणाली, "चौऱ्याण्णव. दिवाळीनंतरचा महिना. तुम्हाला आठवत नाही, मला आठवतं."

तिनंच डोक्यावरचा पदर फाडून काकासाहेबाचा हात बांधला. तिनंच शेजारच्या वस्तीवरून माणूस बोलावला आणि नवऱ्याला गाडीत घालून दवाखान्यात पाठवलं. मला म्हणाली, "तुम्ही जा आता. ह्यांचे भाऊबंद येतील. जित्या ठेवायचे नाहीत."

आम्ही निघालो. मी स्कुटी नगरच्या रस्त्याला लावली, तेव्हा आत्याबाई पहिल्यांदा बोलल्या. आवाज फाटलेला होता. "पोलिसात चल."

"आत्याबाई, घरी जाऊ. अंगदला विचारू."

"पळून गेलो तर वैजनाथ पुन्यांदा गाडीवरनं पडल्यालाच व्हईल."

ठाण्यात हवालदारानं आम्हाला दारातच थांबवलं. मास्क नाहीत म्हणून. दोघींची तोंडं रक्तानं माखलेली आणि तो म्हणतोय मास्क लावा. मी माझी ओढणी फाडून दोघींच्या तोंडाला बांधली, मग आत घेतलं.

आत्याबाईंनी सगळं सांगितलं. त्या दिवशी सासऱ्यांना कोपीत आणून टाकलं, तेव्हा पोट फुगलं होतं. लघवीतून रक्त जात होतं. दवाखान्यात न्यायला गाडी मागितली तर काकासाहेबानं दिली नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे ते गेले. टोळीच्या मुकादमानं कागद आणला, बैलगाडीवरून पडून मेला असा. टोळीतल्या सगळ्यांनी अंगठे दिले. हंगाम पुरा व्हायचा होता.

"मी बी दिला," आत्याबाई म्हणाल्या. "पयला अंगठा माझाच हाय त्यावर. ते बी लिव्हा."

फौजदार तरुण होता. त्यानं सगळं लिहून घेतलं, मग म्हणाला, "आजी, सव्वीस वर्षं झाली. प्रेत जाळलेलं. ह्यातनं फारसं काही निघणार नाही. पण आज तुम्ही केलंय ते पक्कं आहे. तुम्हाला आत घ्यावं लागेल."

"घ्या. पर आधी त्याचं लिव्हा, मंग माझं."

"कोयता बरोबर आणला होता म्हणजे मारायचं ठरवूनच आला होता?"

आत्याबाई म्हणाल्या, "न्हाई. इचारायलाच आले हुते. माझ्याच तोंडनं इचारायचं हुतं. त्यानं चुकलो म्हनलं असतं, न्हाई म्हनलं असतं, शिवी दिली असती, तरी मी नदी बघून घरी गेले असते. त्यानं साल इचारलं. कितीजनास्नी मारलं असंल वं त्यानं, का साल इचारावं लागतं?"

फौजदारानं पेन खाली ठेवलं. थोड्या वेळानं पुन्हा उचललं.

आमच्या दोघींवर गुन्हा दाखल झाला. तुरुंगात घालायच्या आधी नाकात काडी घालून कोरोनाची तपासणी केली. आत्याबाईंची पॉझिटिव्ह आली. त्यांना शाळेच्या खोलीत केलेल्या कोविड सेंटरला ठेवलं, दाराशी पोलिस. गळ्यावर पाच बोटांचे वळ आणि त्यात खोकला. मला वाटलं, जातात आता. नाही गेल्या. सतराव्या दिवशी जामीन झाला तेव्हा चालत बाहेर आल्या. माझा जामीन आधीच झाला होता. नोकरीतून मात्र निलंबित झाले ते दीड वर्ष.

अंगदला मी ठाण्यातूनच फोन केला होता. तो रात्री मित्राच्या गाडीतून आला. मी बोलत गेले आणि तो ऐकत गेला. बाप कसा मेला ते ऐकलं तेव्हा तो हलला नाही. आईचा अंगठा कागदावर होता हे ऐकलं, तेव्हा उठला आणि ठाण्याबाहेरच्या लिंबाच्या खोडावर मुठी मारायला लागला. सालटी निघाली तरी थांबेना. मी मागून मिठी मारून धरलं तर मलाही ढकलून दिलं.

"सहा वर्षांचा होतो मी," तो म्हणाला. "मला सांगितलं गाडीवरनं पडला. मी शाळेत पोरांना सांगायचो, माझा बाप गाडीवरनं पडला. पोरं हसायची, झोपला असंल म्हणायची. मीपण हसायचो."

आत्याबाई घरी आल्यावर तो त्यांच्याशी चार महिने बोलला नाही. औषध आणायचा, ताट पुढं ठेवायचा, शब्द नाही. एकदा आत्याबाईच म्हणाल्या, "मला मार हवं तर. पर बोल." तो उठून कामावर गेला.

काकासाहेब वाचला. डोक्याला नऊ टाके, दोन बोटं कायमची गेली. त्याच्या भाऊबंदांनी एकदा नागापूरला येऊन आमच्या दारावर दगडफेक केली, खिडकीची काच फोडली, अंगदच्या मोटरसायकलला आग लावली. अंगद पान्हा घेऊन त्यांच्या मागं रस्त्यावर धावला. शेजाऱ्यांनी अडवला नसता तर घरातला तिसरा माणूसही कोर्टात उभा राहिला असता.

पुष्पावतीनं पोलिसांना जबाब दिला. सव्वीस वर्षांपूर्वी काय बघितलं ते सगळं. त्याबद्दल काकासाहेबानं तिला मारलं का, हे मी विचारलं नाही. ती भावाकडं येवल्याला निघून गेली, ती परत वस्तीवर आली नाही. तिच्या जबाबानं जुनी केस काही उभी राहिली नाही, फौजदार म्हणाला तसंच झालं. आमची मात्र चालू आहे. दर दोन-तीन महिन्यांनी कोपरगावला तारीख असते. मी पुन्हा नोकरीवर आहे, तारखेला रजा काढते. आत्याबाई पिंजऱ्यात उभ्या राहिल्या की न्यायाधीशांकडं बघत नाहीत, समोर बसलेल्या काकासाहेबाकडं बघतात. तो खिशातला डावा हात बाहेर काढत नाही.

मागच्या तारखेला अंगद पहिल्यांदाच आमच्याबरोबर आला. कोर्टातून बाहेर पडल्यावर तो आईला म्हणाला, "कोपी कुठं होती ते दाखव."

मी नको म्हणत होते, त्या रस्त्याला जाणं धोक्याचं होतं. त्यानं ऐकलं नाही. हिंगणवाडीच्या अलीकडं चारीवर रिक्षा थांबवली आणि आम्ही तिघं बांधावरून चालत गेलो. ऊस सगळीकडं सारखा. आत्याबाई थांबायच्या, पुढं जायच्या, मागं यायच्या. तिथं तेव्हा विहीर होती म्हणे, ती बुजवलेली. बाभळीची रांग होती, ती तोडलेली. त्यांना जागा सापडेना. घाम पुसत त्या इकडंतिकडं बघत राहिल्या. शेवटी एका ठिकाणी उभ्या राहून म्हणाल्या, "हितंच असंल."

"असंल की हाय?" अंगदनं विचारलं.

"म्हाईत न्हाई रं, लेकरा."

लांबून कुणीतरी हाक मारली, कोण आहे तिकडं म्हणून. मी म्हणाले, चला. अंगदनं चप्पल काढली आणि त्या ढेकळांत अनवाणी उभा राहिला. हाक जवळ आली. आत्याबाईंनी त्याचा हात धरला, त्यानं तो सोडवून घेतला नाही. आम्ही तिघंही तिथंच उभे राहिलो, येणाऱ्या माणसाकडं तोंड करून.